डेस्मंडची होडी आणि माझी पौर्णिमा

आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या तीन गोष्टी फिरताहेत. एक, धारप बुडता बुडता वाचले. दोन, कोस्ट गार्डने हेलिकॉप्टर पाठवलं. तीन, डेस्मंडने दारू पिऊन होडी खडकावर घातली. तिन्ही खोट्या आहेत. मी बुडत नव्हतो. हेलिकॉप्टर नव्हतं, एक पिवळी मोटरबोट होती आणि ती मीच बोलावली होती. डेस्मंड तर चहासुद्धा बिनसाखरेचा पितो. होडीला एक ओरखडाही आला नाही. जे झालं ते याहून वाईट होतं आणि ते माझ्यामुळे झालं. म्हणून क्रमाने लिहून ठेवतो.

डेस्मंड तुस्कानो आमच्याच मजल्यावर राहतो. मूळ वसईचा. कॅनडात विंडसरला गाड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढली आणि रिटायर झाल्यावर, इथे समुद्र नाही या एकाच तक्रारीवर, देशाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या बर्नाबीला आला. वर्षभरात त्याने एक जुनी शिडाची होडी घेतली. होडी ठेवली समोरच्या मोठ्या बेटावर, लेडीस्मिथ गावात, कारण आमच्या बाजूच्या धक्क्यांवर जागेची वेटिंग लिस्ट एवढी लांब की माणसं आपला नंबर मृत्युपत्रात लिहून ठेवतात. त्याची बायको इमेल्डा होडीत पाय ठेवत नाही. तिला बाथटबमध्येही गरगरतं, असं ती सांगते.

लेडीस्मिथपासून उत्तरेला ननायमोपर्यंतचं पाणी आडोशाचं आहे. एका हाताला मोठं बेट, दुसऱ्या हाताला लहान बेटांची रांग, मधून बारा-तेरा मैल शांत निळी गल्ली. भीतीची जागा एकच, शेवटाजवळ. तिथे दोन बेटं इतकी जवळ येतात की मध्ये सत्तर-ऐंशी मीटरची खिंड उरते. तिला डॉड नॅरोज म्हणतात. भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्या फटीतून जातं. ते उलटायच्या आधी थोडा वेळ थांबतं, तेवढ्यात माणसं इंजिन लावून पटकन निघून जातात. डेस्मंडही अकरा वर्षं तसाच जात आला. पण त्याची एक इच्छा होती. एकदा, फक्त एकदा, इंजिन बंद ठेवून शिडावर त्या खिंडीतून जायचं. त्याला दोन माणसं लागतात. एक सुकाणूवर, दुसरा पुढचं शीड सांभाळायला आणि पाण्यातले वाहते ओंडके बघायला. दुसरा माणूस म्हणून त्याने मला विचारलं.

मी लगेच हो म्हणालो. हे सात वर्षांपूर्वीचं. पहिल्या उन्हाळ्यात मुलीचं ग्रॅज्युएशन होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात नागपूरहून साडू आले आणि ते समुद्राला घाबरतात. तिसऱ्यात माझी पाठ. पुढचे मला आठवत नाहीत, पण दर वेळी कारण होतं आणि दर वेळी मी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणालो होतो. डेस्मंडने कधी तोंड वाकडं केलं नाही.

या वर्षी मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरने त्याला सांगितलं की पडद्याचा मधला भाग जातोय. कडेचं दिसेल, मधलं धूसर होत जाईल. गाडी बंद झाली. मग होडीही विकली, ननायमोच्या जेम्स नावाच्या माणसाला. ऑगस्टअखेर पोचवायची होती.

"पोचवायचीच आहे तर जाता जाता खिंडीतून शिडावर जाऊ," डेस्मंड म्हणाला. "शेवटची. येतोस?"

"येतो."

इथपर्यंत माझं काही चुकलेलं नाही. चूक पुढच्या वाक्यापासून सुरू होते.

"सोळा तारीख बरी आहे," तो म्हणाला.

फ्रिजवर मंडळाचं कॅलेंडर होतं. मी पाहिलं. नऊ ऑगस्ट, शनिवार. "अरे डेस्मंड, नऊला नारळी पौर्णिमा आहे! समुद्राला नारळ वाहून होडी बाहेर काढायचा दिवस! याच्याहून चांगला मुहूर्त कुठे मिळणार?"

"धारप, पौर्णिमेला उधाण असतं."

"असू दे की. हातभर पाणी जास्त. चांगलंच."

"जास्त पाणी म्हणजे जास्त ओढ. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी सुस्त असतं. खिंडीत तासभर इकडे-तिकडे झालं तरी निभतं. पौर्णिमेला दहा मिनिटं मिळतात, फार तर पंधरा. आमच्याकडचे कोळी नारळ वाहतात ते किनाऱ्यावरून वाहतात बाबा."

मी नागपूरचा. माझ्या ओळखीचं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे फुटाळा तलाव. आमच्या घरी नारळी पौर्णिमेला राखी बांधून नारळीभात खायचे, समुद्राचा संबंध भातातल्या नारळापुरता. असं असूनही मी वसईच्या माणसाला समुद्राचा सण समजावून सांगितला, जवळजवळ वीस मिनिटं. शेवटी म्हणालो, "आपण वेळेवर असणारच. बत्तीस वर्षं रोजच्या पेपरात काढली, एकदाही पान छपाईला उशिरा सोडलं नाही."

डेस्मंडचा दोष एवढाच की त्याला मित्राला नाही म्हणता येत नाही. "बरं," म्हणाला.

मी लगेच जेम्सला फोन केला. शनिवारी, नऊ तारखेला, दुपारी चार वाजता होडी ननायमोत मिळेल. "फोर-इश?" जेम्सने विचारलं. "फोर," मी म्हणालो.

मग मी मंडळाच्या अध्यक्षांना, गुरुदत्तना, सहज सांगितलं. गुरुदत्त एकदा क्रूझने अलास्काला जाऊन आलेत, त्यामुळे आमच्यात समुद्र हा विषय त्यांच्याकडे आहे. ते म्हणाले, "धारप, हे खाजगी कशाला? मंडळाचा उपक्रम करू. होडीची पूजा, समुद्राला नारळ, आणि ननायमोला पार्कात पॉटलक." दुसऱ्या दिवशी एकतीस माणसांची यादी तयार होती. यादीत डेस्मंडचं नाव राहिलं होतं, ते मी घालून घेतलं.

सल्ले त्याच दिवशी सुरू झाले. समुद्रावर कायम विंटर असतो, जाड जॅकेट न्या. समुद्रावर ऊन दुप्पट लागतं, जॅकेट नेऊ नका. गोळी घ्या. गोळी घेऊ नका, आवळासुपारी चघळा. लाइफ जॅकेट एक साइझ मोठं घ्या. एक साइझ लहान घ्या. माझ्या मुलीने, ईशिताने, टोरंटोहून फक्त एवढंच लिहिलं, "बाबा, लेट हिम ड्राइव्ह."

धक्क्याच्या मॅनेजर ॲमंडाबाईंनी फॉर्म पाठवला. तरंगत्या धक्क्यावर एका वेळी बाराच माणसं. ज्योत नको. पाण्यात काही टाकायचं असेल तर वस्तू, वजन आणि उद्देश लिहा. मी लिहिलं, नारळ, एक, सहाशे ग्रॅम, कृतज्ञता. त्यांचा फोन आला.

"मिस्टर धारप, विल द कोकोनट बी रिट्रीव्ह्ड?"

मी विचार केला. समुद्राला वाहिलेला नारळ परत काढायचा, याला शास्त्रात काय आधार आहे ते मला माहीत नव्हतं. "येस," म्हणालो, "विथ अ नेट."

"लव्हली," त्या म्हणाल्या आणि परवानगी दिली.

त्या दिवशी खिंडीतलं पाणी थांबायची वेळ होती बारा चाळीस. डेस्मंडने हिशोब केला होता. नऊला निघायचं, बाराला खिंडीपाशी पोचायचं, चाळीस मिनिटं हातात ठेवायची. आम्ही दोघं पावणेआठलाच होडीवर होतो. त्याने मला पुढच्या शिडाचा दोर दाखवला, तो म्हणेल तेव्हा ओढायचा, आधी नाही, नंतर नाही. पाच वेळा ओढून घेतला. त्या पाऊण तासात तो जेवढा खुशीत होता तेवढा मी त्याला विंडसरच्या गोष्टी सांगतानाही पाहिलेला नाही. होडीच्या कडेवर हात फिरवत म्हणाला, "आज जमेल बघ. वारा पाठीचा आहे."

साडेआठला मंडळ आलं.

एका वेळी बाराच माणसं, म्हणून तीन तुकड्या झाल्या. प्रत्येक तुकडीने हळदकुंकू वाहिलं, प्रत्येक तुकडीला वेगळी आरती हवी होती. ज्योत नको म्हणून बॅटरीवरचे दिवे आणले होते. त्यातला एक विझला तेव्हा तो अपशकुन की बॅटरी यावर चर्चा झाली. सोनेरी कागद लावलेला नारळ गुरुदत्तनी पाण्यात सोडला. नारळ दोन फूट पुढे गेला, थांबला आणि वळून होडीला येऊन टेकला. त्यांनी ढकलला. पुन्हा आला. "देवाने परत पाठवला," कोणीतरी म्हणालं. ॲमंडाबाई जाळं घेऊन उभ्याच होत्या.

"झालं का रे?" डेस्मंडने घड्याळ डोळ्याच्या कडेला नेऊन विचारलं. नऊ वीस.

"झालं, झालं. निघालोच."

आपल्याकडे 'निघालोच' म्हटल्यावर खरा निरोप सुरू होतो. ग्रुप फोटो झाला. बायकांचा झाला. डोळे मिटले म्हणून पुन्हा झाला. माझ्या बायकोने, सुरेखाने, नारळीभाताचं पातेलं होडीत चढवलं. ते आत मावेना, म्हणून नांगराच्या कप्प्यावर ठेवलं. हातावर दही घालायचं राहिलं होतं, दही गाडीत होतं, गाडी वर पार्किंगमध्ये होती.

"काय करून राहिले तुम्ही?" सुरेखानेच शेवटी मला बाजूला घेतलं. "तो माणूस एक तासापासून सुकाणू धरून उभा आहे."

"लोक एवढ्या लांबून आलेत, गं."

"तो सात वर्षांपासून उभा आहे," ती म्हणाली.

आम्ही दहा पंचवीसला निघालो. टाळ्या वाजल्या. अजूनही जमलं असतं. इंजिन पूर्ण ताकदीने लावलं असतं तर साडेबाराच्या आसपास पोचलो असतो. डेस्मंडने तेच केलं. अर्ध्या मैलावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

मागे बांधलेलं झेंडूचं तोरण पाण्याखालच्या पंख्यात गेलं होतं. फुलं मऊ असतात, दोरा नायलॉनचा होता. नारळीभातासोबत दिलेल्या केकच्या सुरीने डेस्मंड पालथा पडून तो दोरा कापत होता आणि मी त्याचे पाय धरून होतो. बोटांनी चाचपत चाचपत त्याने एकेक वेढा सोडवला. पन्नास मिनिटं लागली. मीच बोलत होतो. नायलॉन वापरू नका असं मी तोरण करणाऱ्या जाईवहिनींना सांगायला हवं होतं, वगैरे.

खिंडीपाशी पोचलो तेव्हा एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मला वाटलं होतं, पंचेचाळीस मिनिटांनी काय बिघडतं? तिथे गेल्यावर कळलं. दोन खडकांच्या मध्ये पाणी उताराला लागल्यासारखं धावत होतं. मोठाले भोवरे उठत होते, फिरत होते, मिटत होते. एक अख्खा ओंडका उभा राहिला आणि खाली गेला.

"दिसत नाही नीट," डेस्मंड म्हणाला, "पण ऐकू येतंय. नाही जायचं."

आठवड्यानंतर आलो असतो तर आत्ताही गेलो असतो. हे तो म्हणाला नाही.

त्याने होडी वळवली आणि जवळच्या एका आडोशाच्या खाडीत नेली. तो मुळीच निराश नव्हता, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. "पुढचं पाणी सात दहाला थांबेल," तो म्हणाला. "साडेआठपर्यंत उजेड असतो. नांगर टाकू, तुझ्या बायकोचा भात खाऊ, झोप काढू. संध्याकाळी जाऊ."

"चार वाजता जेम्स येणार आहे," मी म्हणालो.

"थांबेल तो."

"मी चार सांगितलंय, डेस्मंड. आणि मंडळाची माणसं पार्कात बसलीयत. सहाची परतीची फेरीबोट आहे त्यांची."

"त्यांना जाऊ दे."

"मी शब्द दिलाय."

मी नांगराच्या कप्प्यावरचं पातेलं उचललं नाही. त्यावर हात ठेवून उभा राहिलो. खिशात फोन होता. जेम्सला फोन करून 'उशीर होतोय, संध्याकाळी आलो तर चालेल का' असं विचारावं, हे सुचलंच नाही असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. ते खरं नाही. सुचलं होतं. नंबर काढला होता. पण 'उशीर होतोय' हे शब्द मी बत्तीस वर्षांत कोणाला म्हटले नव्हते, आणि ते एका अनोळखी माणसाला, इंग्रजीत, म्हणायचे होते. मी तो नंबर बंद केला आणि डेस्मंडच्या मेंबरशिप कार्डावरचा, अडकलेल्या होड्या ओढून नेणाऱ्यांचा नंबर लावला.

"आर यू इन डिस्ट्रेस, सर?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"वी हॅव अ फोर ओ'क्लॉक," मी म्हणालो.

ती पिवळी बोट वीस मिनिटांत आली. बोटवाला म्हणाला, या पाण्यात खिंडीतून ओढून नेणार नाही, मागे लेडीस्मिथला सोडतो. मी गुरुदत्तना कळवलं, त्यांनी जेम्सला कळवलं, जेम्स म्हणाला गाडीने तिकडेच येतो. सगळं वेळेत बसत होतं. दोर बांधायच्या आधी मी डेस्मंडकडे पाहिलं.

"तुझा शब्द आहे ना?" तो म्हणाला. "मग पाळ."

त्याने सुकाणू सोडलं, पुढे गेला आणि पाठ करून बसला. दोन तास आम्ही आलो त्याच वाटेने उलटे ओढले गेलो. वारा फिरून उत्तरेचा झाला होता, म्हणजे आता हाही पाठीचाच. मी दोनदा विचारलं, "भात वाढू का?" दुसऱ्यांदा तो म्हणाला, "धारप, तू खा."

तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी आम्ही धक्क्याला लागलो. जेम्स उभा होता. सत्तरीचा, लालबुंद, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वाढलेला. त्याने सगळी हकीकत ऐकून घेतली. मग मला म्हणाला, आमच्याकडेही असंच आहे, बेटांच्या आडोशाचं पाणी आणि मध्ये खिंडी. होडीची वेळ कोणी घड्याळात सांगत नाही. पाणी फिरलं की येतो, म्हणतात. "आय'ड हॅव वेटेड टिल क्रिसमस," तो म्हणाला. "आय ब्रॉट अ चेअर."

गाडीच्या मागे खरोखरच घडीची खुर्ची होती.

डेस्मंडला तो म्हणाला, उद्या दुपारी नेतो मी होडी. तू चल. सुकाणू तूच धर.

"नो, जेम्स," डेस्मंड म्हणाला. "शी इज युवर्स नाऊ. अ बोट शुड हॅव वन कॅप्टन." किल्ली दिली, हात मिळवला, आणि कुठला दोर कुठे अडकतो ते सगळं सांगितलं, एकही न विसरता.

इमेल्डा आम्हाला न्यायला आली होती. मोटेलच्या दारात ती म्हणाली, "धारप, मला पाण्याची भीती वाटते हो. नाहीतर पहिल्याच वर्षी मी गेले असते त्याच्याबरोबर. तुम्हाला कसली भीती वाटत होती?"

मी खिशात खोलीची किल्ली शोधत राहिलो.

रविवारी सकाळी डेस्मंडच म्हणाला, ननायमोच्या अलीकडून जंगलातली पायवाट थेट खिंडीच्या काठावर जाते, जाऊ या. सुरेखा आणि इमेल्डा गाडीपाशी थांबल्या. आम्ही दोघं गेलो. मुळं होती, दगड होते. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी पुढे चालत राहिलो. काठावरच्या खडकावर बसलो. खाली पाणी मंद होत होतं. आज ते एक वीसला थांबणार होतं. पाचसहा होड्या आपापली इंजिनं गुरगुरवत वाट बघत होत्या. एकेक करून त्या गेल्या.

"आली का?" त्याने विचारलं.

"नाही अजून."

मग ती दिसली. दोन्ही शिडं वर होती. वारा पाठीचा होता. जेम्स सुकाणूवर उभा होता, पुढे त्याचा कोणी मित्र होता. फार सुरेख दिसत होती. मी ठरवलं, खोटं सांगायला काय हरकत आहे? म्हणालो, "आली. इंजिनावरच आणतोय. शिडं खाली आहेत."

डेस्मंड मान तिरकी करून ऐकत होता. सगळ्या मोटरबोटी पुढे निघून गेल्या होत्या. खिंडीत कसलाही आवाज नव्हता.

"डोळे गेलेत माझे," तो म्हणाला. "नीट सांग."

मग मी नीट सांगितलं. शिडं वर आहेत. आता खिंडीच्या तोंडाशी आहे. आता आत शिरली. उजव्या खडकापासून वीस-पंचवीस मीटरवर आहे. पुढचं शीड एकदा फडफडलं. पुढच्या माणसाने दोर ओढला. भरलं. आता मध्यावर आहे. आता आपल्या समोर आहे. जेम्सने वर पाहिलं, हात केला. डेस्मंडने त्या दिशेला हात केला. दिशा थोडी चुकली. आता बाहेर पडली. आता वळली. आता झाडांमागे गेली.

"किती लागली?"

मी घड्याळ पाहिलं. "चार मिनिटं."

त्याने तोंड पाण्याकडे वळवलं. पाणी पुन्हा हलायला लागलं होतं.

"आपल्याला पाच लागली असती," तो म्हणाला. "तू दोर उशिरा ओढला असतास."